मुरलेलं पाणी

"तुम्ही तिच्या घरचं पाणी प्यायलात?"

"प्यायलो."

"कालचं?"

"पाण्यावर तारीख छापलेली नव्हती."

"अहो, सकाळी नळ आला तेव्हा ती भरल्या हंड्यावर झाकण ठेवून स्वस्थ बसली होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे कालचंच ते. शिळं. आणि तुम्ही उभ्या उभ्या तांब्या रिकामा केलात, वर पाणी गोड आहे म्हणून शिफारसही केलीत."

"तहान लागली होती."

"मग जेवायलाही तिकडेच जात जा. शिळं काय काय आहे ते विचारून घ्या."

हे बोलणं भिंतीपलीकडचं. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समधल्या भिंती अशा, की तिकडे फोडणी पडली तर इकडे ठसका लागायचा. पलीकडे आनंदीबाई आणि त्यांचे यजमान तात्याराव. अलीकडे नुकतं लग्न होऊन आलेली वेणू, म्हणजे त्या बोलण्यातली 'ती'. ऐकायला भिंतीला कान लावायचीही गरज नव्हती. तिच्या हातात सूप होतं, ते पाखडता पाखडता थांबलं आणि तांदूळ सगळा मांडीवर आला.

शिळी भाकरी तिला माहीत होती. बुलढाण्याकडच्या तिच्या गावात सकाळी तीच असायची, ताकात कुस्करून. शिळी कढी माहीत होती. पण पाणी? उन्हाळ्यात तिच्या गावच्या विहिरीत बायका दोर धरून खाली उतरायच्या आणि वाटीवाटीनं कळशी भरायच्या. ते पाणी घरात आलं की त्याचं वय कुणी विचारायचं नाही. आहे ना, झालं तर. तळाशी गाळ उरला तर तो म्हशीचा.

संध्याकाळी हिंमतराव कारखान्यातून आले तेव्हा तिनं नवऱ्याला दारातच गाठलं.

"अहो, पाणी शिळं होते काय?"

"पुण्यात होतं," ते म्हणाले आणि बुटांच्या नाड्या सोडायला बसले. तेही तिकडचेच, पण तिच्याआधी येऊन राहिलेले. तेवढ्यानं माणूस शहाणा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेणू दारात उभी राहिली. नळ आला, आणि ओळीतल्या सगळ्या बायका आपापले हंडे घेऊन बाहेर आल्या. भरलेले हंडे. तिला वाटलं, कुठं घेऊन चालल्या? बायकांनी ते गटाराच्या कडेला नेले आणि आडवे केले. स्वच्छ, नितळ, तळ दिसणारं पाणी गटारातून खळखळत गेलं. आनंदीबाईंचा तर तांब्याचा मोठा हंडा, गळ्यापर्यंत भरलेला. त्यांनी तो असा उपडा केला, जसं काही त्यात मेलेली पाल होती.

"काय बाप्पा," वेणू एवढंच म्हणाली. पुरणपोळीचं भरलं ताट कुणी तिच्या डोळ्यांदेखत उकिरड्यावर टाकलं असतं, तरी तिला एवढं लागलं नसतं.

आनंदीबाईंनी ते ऐकलं. "काय झालं गं?"

"हे काऊन ओतता?"

"अगं, नळाला ताजं आलंय ना. मग शिळं कोण ठेवील? वऱ्हाडात चालत असेल."

त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण ओळीतल्या सगळ्या बायका हसल्या, आणि ते 'वऱ्हाडात' वेणूच्या अंगाला चिकटून राहिलं. चार दिवस तिनं कळ काढली. पाचव्या दिवशी डोळे मिटून आपलाही हंडा आडवा केला. त्या सकाळी तिनं चहासुद्धा घेतला नाही.

आणि मग सवय झाली. सवय अशी झाली, की पाहणाऱ्यानं तोंडात बोट घालावं.

वर्षं गेली. हिंमतराव निवृत्त झाले, बोपोडीत त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं, पुढं त्यावर माडी चढली, आणि माडीचा गिलावा वाळायच्या आत ते गेले. मुलगा योगेश नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं. तेव्हा आता नुसतं वेणू म्हणून चालायचं नाही, वेणूबाई म्हणायला हवं. तर या वेणूबाई पाण्याच्या बाबतीत अख्ख्या गल्लीत कडक. नळ यायच्या आधी पाइपातून हवा येते, तो खोकल्यासारखा आवाज झाला की त्या अंथरुणातून उठायच्या. तांब्याचा हंडा, पितळेची कळशी, स्टीलचं पिंप, सगळं मोरीत ओतायचं, चिंचेनं घासायचं, ताजं भरायचं. पाहुण्याच्या हातात पेला देताना सांगायच्या, "आजचं आहे हो." ते सांगताना मान जराशी वर व्हायची. बोलणं पुरतं पुण्याचं झालं होतं. फक्त मोठा धक्का बसला, की आतलं वऱ्हाड बाहेर यायचं.

सून पूर्णिमा बँकेत. स्वभावानं चांगली, पण एखादी गोष्ट मनात आली की ती घरभर करायची. एका उन्हाळ्यात ती कुठलंसं व्याख्यान ऐकून आली आणि तिनं जाहीर केलं, की हे घर पर्यावरणपूरक करायचं.

"म्हणजे रंग द्यायचा?" वेणूबाईंनी विचारलं.

"नाही हो आई. आपल्या घरामुळं निसर्गाला त्रास व्हायला नको."

"आपण कुठं त्याच्या अध्यात ना मध्यात."

पण बघता बघता दिवे बदलले, प्लास्टिकच्या पिशव्या गेल्या, गच्चीवर ऊन पकडणारा बंब बसला. इथवर ठीक होतं. एका रविवारी पूर्णिमानं एक डबा आणला आणि मोठ्या कौतुकानं सासूसमोर उघडला. वेणूबाई मागच्या मागे खाटेवर बसल्या.

"अवं माय. गांडुळं?"

"आई, ती ओल्या कचऱ्याचं खत करतात."

"आणि ही तू विकत आणलीस? दुकानातून?"

"हो."

"निवडून घेतलीस, का त्यानं दिली तशी आणलीस?"

योगेश पेपराआड हसत होता. गांडुळं मात्र गच्चीवर नांदू लागली, आणि वेणूबाईच रोज भाजीची देठं त्यांना नेऊन घालू लागल्या. "आज मेथी आहे, खा," असं त्यांना सांगायच्याही.

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. हात कापतो म्हणून गॅस वेणूबाईंकडून गेला होता. गुडघ्यांमुळे देवपूजा योगेशकडे गेली होती. बसनं मंडईत जाऊन वांगी हातात घेऊन पारखायची त्यांना भारी हौस, पण आता भाजी फोनवरून दारात यायची. घरात त्यांच्या हातचं असं एकच काम उरलं होतं, सकाळचं पाणी. तेवढ्यासाठी त्या उठायच्या. ते गेलं, तर उठून करायचं काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्यावर विचार करायचं धाडसही नव्हतं.

मे महिन्यात पाणीकपातीच्या बातम्या सुरू झाल्या. एक दिवस पूर्णिमा लवकर उठली, चहा ठेवायला आत आली, आणि तिनं पहिल्यांदाच ते दृश्य पाहिलं. भरलेला हंडा मोरीत आडवा, आणि सासूबाई त्याला थोपटून शेवटचं पाणी काढताहेत.

"अहो आई, हे काय?"

"शिळं ओतते."

"पाणी शिळं होतं का?"

वेणूबाईंनी हंडा सरळ केला. या प्रश्नाचं उत्तर त्यांना कधी मिळालंच नव्हतं, त्या फक्त विचारायच्या थांबल्या होत्या.

"कधीपासून करताय हे?"

"तुझ्या लग्नाआधीपासून. योगेशच्या जन्माआधीपासून."

पूर्णिमा भिंतीला टेकली. दात घासताना नळ बंद ठेवा म्हणून ती नवऱ्याच्या मागं लागायची, भाजी धुतलेलं पाणी कुंडीला घालायची, आणि तिच्या स्वयंपाकघरातून रोज सकाळी नदी वाहत होती. ती आवाज चढवून बोलली नाही, ते वाईटच झालं. मऊ आवाजात म्हणाली, "आई, आपण असं करू. पाणी शुद्ध करायचं मशीन बसवू. थेट नळाला जोडायचं, बटण दाबलं की पाणी. मग भरायला नको, ओतायला नको. तुम्हालाही आराम."

"आणि हंडा?"

"छान लख्ख आहे. बाहेरच्या खोलीत ठेवू, शोभेला."

त्या दिवशी वेणूबाई अर्ध्या जेवणावरून उठल्या. आरामाचं नाव काढलं की म्हाताऱ्या माणसाचा घास अडतो. मशीनवाला रविवारी येणार असं ठरलं.

आईचा चेहरा पाहून योगेश शनिवारी म्हणाला, "चल, तुला खडकवासल्याला नेतो. भजी खाऊ." उभा जन्म ज्याचं पाणी प्यायलं, ते धरण वेणूबाईंनी पाहिलं नव्हतं. गाडी काढायची नाही असा पूर्णिमाचा नियम, म्हणून तिघं बसनं निघाली. स्वारगेटला बस बदलताना वेणूबाई म्हणाल्या, "निसर्गाला त्रास नको, सासूला झाला तरी चालेल." पूर्णिमा हसली आणि तिनं त्यांच्यासाठी खिडकी धरली.

धरणाच्या कडेला कणसं भाजणाऱ्या बाया बसल्या होत्या. वेणूबाई एक कणीस घेऊन कठड्याला धरून उभ्या राहिल्या. समुद्राएवढं असेल अशी त्यांची कल्पना. पाणी पार मध्यभागी गेलेलं, कडेनं तांबडी माती उघडी, भेगाळलेली, त्यावर बगळे फिरताहेत.

"फार खाली गेलंय हो," त्या कणीसवालीला म्हणाल्या.

"उन्हाळाय. जातंच."

"मग रोज नवं येतं कुठून?"

कणीसवालीनं पंखा थांबवला. "नवं?"

"ताजं. आम्हाला नळाला रोज येतं ते."

"आजी, रोज नवं कुठनं येईल? पाऊस पडला का भरतंय. मग वरीसभर तेच पुरवायचं. हे मागल्या पावसाळ्यातलं हाय."

वेणूबाईंच्या हातातलं कणीस कठड्यावरून खाली गेलं. त्यांच्या मनात पाण्याचंही दुधासारखं होतं. पहाटे कुठं तरी निघतं आणि सकाळी गरम गरम नसलं तरी ताजं ताजं घरी येतं. नळाला ताजं आलं, ताजं आलं, असं सगळं गाव म्हणत होतं, आणि त्यांनी ते मानलं होतं. कुठं निघतं, हे विचारायचं राहून गेलं होतं.

"काय बाप्पा," त्या म्हणाल्या आणि तिथंच खाली बसल्या.

योगेश धावला. "आई, काय होतंय? छातीत दुखतंय का?"

"योगेश, हे दसऱ्याआधीचं पाणी आहे."

"असेल. मग?"

"मग मी रोज सकाळी काय करते रे? कालचं ओतते, आणि हे भरते. याच्यापुढं तर ते कालचंच ताजं होतं."

योगेशला हसू फुटलं. आईचा चेहरा पाहिला तसं ते अर्ध्यात थांबलं. पूर्णिमा हसली नाही. ती सासूच्या शेजारी मातीत बसली आणि पर्समधली पाण्याची बाटली तिनं पुढं केली. वेणूबाईंनी बाटलीकडे पाहिलं, धरणाकडे पाहिलं. "किती हंडे असतील गं," त्या पुटपुटल्या. "किती ओतलं असेल मी." भजी कागदात तशीच घरी आली.

रविवारी सकाळी पाइप खोकला. वेणूबाई उठल्या, हंड्यापाशी गेल्या, दोन्ही हातांनी काठ धरला आणि तशाच उभ्या राहिल्या. ओतवेना. न ओतता भरताही येईना. नळ वाहत होता. मग त्यांनी जाऊन नळ बंद केला. त्या घरात नळ आलेला असताना त्यांनी तो बंद करणं, ही गोष्ट पूर्णिमानं दारातून पाहिली. वेणूबाईंनी हंड्यातून पेला भरला, थोडा वेळ हातात धरला, आणि प्यायल्या.

"कसं लागतंय?" पूर्णिमानं हळूच विचारलं.

"पाण्यासारखं."

म्हणजे आता ओतायचंही काम संपलं. त्या बाहेर जाऊन खाटेवर बसल्या. दहाच्या सुमारास मशीनवाला आला, भिंतीला भोकं पाडली, पांढरा डबा बसवला, नळ्या जोडल्या. भिंतीतून निघालेला चुरा झाडायला वेणूबाई आत गेल्या. माणसाला काही तरी काम हवंच. तेव्हा त्यांना डब्याच्या मागून निघून मोरीत उतरलेली एक बारीक नळी दिसली.

"हे शेपूट कशाचं हो?"

"वेस्ट वॉटर आहे आजी. शुद्ध करताना निघतं. मोरीत सोडायचं."

"म्हणजे ओतायचं?"

"आपोआप जातं. तुम्हाला काही करायला नको."

पूर्णिमा गॅसपाशी होती. ती वळली. "किती जातं?"

"पाणी कसं आहे त्यावर आहे मॅडम. एक ग्लास शुद्ध मिळाला, की दोनेक ग्लास जातातच."

आता बसायची पाळी पूर्णिमाची होती. ती खरंच स्टुलावर बसली. हातातल्या पळीतून आमटी फरशीवर टपकत राहिली. इतकी माहिती काढून, इतकं वाचून, हे तिनं विचारलंच नव्हतं. मशीनच्या जाहिरातीत झरा होता, हिरवं पान होतं. शेपूट नव्हतं.

वेणूबाईंनी नळी नीट निरखली. "पूर्णिमा, हे मशीन जुन्या पुण्यातलं दिसतं. आम्ही निदान दिवसातून एकदाच ओतायचो."

पूर्णिमा पळी खाली ठेवून हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वेणूबाईही हसल्या. आदल्या दुपारपासून पहिल्यांदा.

"दादा, काढा ते," पूर्णिमा म्हणाली.

"आत्ताच बसवलं की. काढायचं होतं तर बसवलं कशाला?"

"शिकायला."

डबा खोक्यात गेला, भोकं भिंतीला राहिली. मशीनवाला कुरकुरत जिना उतरला तशी पूर्णिमा सासूला म्हणाली, "आई, पण मग पाण्याचं कोण बघणार? मला सकाळी जमणार नाही."

"मी काय मेले?" वेणूबाई म्हणाल्या आणि पदर खोचला.

दुसऱ्या दिवसापासून काम उलट वाढलं. हंड्यातलं पाणी आधी कळशीत घ्यायचं, हंडा घासायचा, पाणी गाळून परत भरायचं, कमी पडेल तेवढंच वरून नळाचं. घासायचं पाणी गच्चीवर कुंड्यांना. पण एक अडचण राहिली. पाहुण्याच्या हातात पेला देताना म्हणायचं काय? 'आजचं आहे हो' म्हणता येत नव्हतं, आणि तो दुसरा शब्द तोंडातून निघत नव्हता. दोन दिवस त्या अस्वस्थ होत्या. तिसऱ्या दिवशी लोणच्याची बरणी उघडताना त्यांना सापडलं.

"पूर्णिमा, लोणचं जुनं झालं तर आपण काय म्हणतो?"

"मुरलं म्हणतो."

"मग झालं तर. हे मुरलेलं पाणी."

योगेशचा साहेब घरी आला होता, त्यालाही त्यांनी विचारलं, "मुरलेलं देऊ की नळाचं?" तो बिचारा गोंधळला आणि म्हणाला मुरलेलं द्या. वर म्हणाला, वेगळी चव आहे.

गल्लीतल्या बायका मात्र अजून ओतत होत्या. आता वेणूबाईंना तो आवाज भिंतीतून ऐकू यायचा आणि सोसवायचा नाही. सांगून बायका ऐकत नाहीत, हे त्यांना स्वतःवरूनच ठाऊक. म्हणून त्यांनी सांगणं सोडलं आणि एक कॅन हातात घेतला. नळ आला की त्या दारोदार उभ्या राहायच्या. "ओतायचंच आहे ना, मग माझ्यात ओत." शेजारची कल्याणी आधी ओशाळली, मग रोज स्वतःच दारात भरलेली कळशी ठेवू लागली. कॅन जायचा खडकी स्टेशनजवळच्या रिक्षा स्टँडवर. तिथं झाडाखाली एक रांजण कोरडा पडला होता, तो त्यांनी घासून घेतला. पहिल्या दिवशी संपत रिक्षावाल्यानं विचारलं, "आजी, पाणी कधीचं?"

"तुझ्यापेक्षा लहान आहे. पी."

पावसाळा आला, गेला, थंडी आली. स्टँडवरचा फेरा चुकला नाही. एका मंगळवारी वेणूबाई नेहमीप्रमाणे उठल्या, हंडा घासला, गांडुळांना कोथिंबिरीची देठं घातली. तो त्यांचा शेवटचा फेरा होता, पण ते त्या सकाळी कुणाला कळायचं कारण नव्हतं, त्यांनाही नाही. कल्याणी ब्रश तोंडात धरून दारात आली. "आजी, गार वारा आहे. आज मी नेते."

"तुला ऑफिस आहे. आणि तू अर्धा सांडशील."

वाटेत दोनदा कॅन खाली ठेवून त्यांनी हात बदलला. स्टँडवर गेल्या, रांजणाचं झाकण काढलं, आत वाकून पाहिलं. पिंपळाचं एक पान पडलं होतं, ते काढलं. मग पदराच्या टोकातून गाळत गाळत सगळा कॅन आत रिकामा केला, शेवटचा थेंब झटकला.

"संपत, पेला पालथा का नाही ठेवला?"

"ठेवला होता आजी. गिऱ्हाइकानं सरळ केला."

"मग गिऱ्हाइकाला सांगत जा. तोंड कशाला दिलंय?"

त्यांनी पेला धुतला, झाकणावर पालथा घातला, कावळे येतात म्हणून वर दगड ठेवला. रिकामा कॅन काखेत धरून रस्त्याच्या कडेला आल्या, येणाऱ्या बसला तळहात दाखवून थांबवलं, आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत असताना आपल्या बेतानं रस्ता ओलांडला.